मुघल वास्तुकलेची वैशिष्ट्ये : पाठ केलेल्या यादीतून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा?

'मुघल वास्तुकलेची ठळक वैशिष्ट्ये लिहा.' हा प्रश्न शाळेपासून सेट-नेटपर्यंत आपला पिच्छा सोडत नाही. उत्तरही सगळ्यांना पाठ असतं : मोठे घुमट, उंच मिनार, कमानी, चारबाग, संगमरवर, जाळीकाम. परीक्षेत एवढ्यावर मार्क मिळतात. अडचण नंतर येते. पीएच.डी.च्या मुलाखतीत समोरचे विचारतात, "बरं, मग यात तुमचा प्रश्न काय?" आणि आपण परत तीच यादी सांगायला लागतो.

मागच्या काही दिवसांत सिनॉप्सिस लिहिणाऱ्या तीन-चार जणांनी मला साधारण हेच विचारलं, की यादी आहे, वाचन आहे, पण प्रश्न सापडत नाही. म्हणून या लेखात एकच इमारत घेऊ या, छत्रपती संभाजीनगरमधला बीबी का मकबरा. नाशिकहून सकाळी निघालात तर दिवसभरात बघून परत येता येतं, आणि मुघल वास्तुकलेचं जवळपास प्रत्येक वैशिष्ट्य तिथे तपासून बघता येतं. मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी आहे, त्यामुळे माझा कल दगड-चुन्याकडे जास्त जाईल. पण पद्धत कुठल्याही विषयाला लागू पडते.

आधी यादी, पण तारखांसकट

'मुघल शैली' अशी एकसंध गोष्ट नाही. ती सुमारे शंभर वर्षांत टप्प्याटप्प्याने घडली. त्यामुळे प्रत्येक वैशिष्ट्यासमोर काळ लिहायची सवय लावून घ्या.

*बागेतली कबर.* चार भागांत विभागलेली बाग, मध्ये पाण्याचे पाट आणि उंच जोत्यावर कबरीची इमारत. हा नमुना भव्य रूपात पहिल्यांदा दिसतो तो दिल्लीच्या हुमायूनच्या मकबऱ्यात, म्हणजे 1560 च्या दशकात. त्याचा वास्तुकार मिराक मिर्झा गियास. कल्पना इराण-मध्य आशियातली, दगड मात्र इथला : लाल वालुकाश्म आणि त्यावर पांढऱ्या संगमरवराचं काम.

*दुहेरी घुमट.* बाहेरून घुमट उंच हवा, म्हणजे लांबून रुबाबदार दिसतो. पण आतून तेवढा उंच ठेवला तर खोली विहिरीसारखी वाटते. म्हणून दोन कवचं बांधायची, आतलं बुटकं आणि बाहेरचं उंच, मध्ये पोकळी. हेही हुमायूनच्या मकबऱ्यात आहे.

*छत्री, छज्जा, हस्त.* फत्तेपूर सिक्रीचं बांधकाम 1571 पासून सुरू झालं. तिथे खांब-तुळई, छत्र्या, छज्जे, त्यांना आधार देणारे कोरीव हस्त भरपूर आहेत. हे सगळं गुजरात-राजस्थानच्या कारागिरांच्या हातातलं होतं. म्हणजे 'मुघल' म्हणून आपण जे पाठ करतो त्यातला बराच भाग मुघल येण्याआधीपासून इथे होता.

*पच्चीकारी.* संगमरवरात खाचा करून त्यात रंगीत दगडाचे तुकडे बसवायचे. आग्र्याच्या इतिमाद-उद-दौलाच्या मकबऱ्यात, 1622 ते 1628 या काळात, हे काम अख्ख्या इमारतीवर पसरलेलं दिसतं.

*पाकळीदार कमान आणि काटेकोर सममिती.* कमानीच्या आतल्या कडेला पाकळ्या, मधल्या अक्षाच्या दोन्ही बाजूंना जुळी रचना, संगमरवराचा प्रभाव. हा शाहजहानचा काळ. ताजमहाल हे त्याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. मुमताज महल 1631 मध्ये बुऱ्हाणपूरला वारली. जळगाव-भुसावळच्या लोकांना बुऱ्हाणपूर परकं नाही. आधी तिला तिथेच दफन केलं होतं आणि नंतर आग्र्याला नेलं.

आता या यादीचं काय करायचं? तर ती एका इमारतीवर लावून बघायची आणि ती कुठे बसत नाही ते शोधायचं. प्रश्न तिथेच असतो.

पहिली पायरी : तारखा जुळतात का?

बीबी का मकबरा ही दिलरास बानू बेगमची कबर. ती औरंगजेबाची पत्नी, मृत्यू ऑक्टोबर 1657. तिला राबिया-उद-दौरानी असंही म्हणतात. ही माहिती सगळीकडे मिळते. त्याच्याच पुढे बऱ्याच ठिकाणी एक वाक्य असतं, की मकबरा शहजादा आझमशाहने आईच्या आठवणीसाठी 1651 ते 1661 या काळात बांधला.

हे वाक्य एकदा सावकाश वाचा. दिलरास बानू 1657 मध्ये वारली, म्हणजे 1651 मध्ये ती हयात होती. आझमशाहचा जन्म 1653 चा, म्हणजे 1651 मध्ये तो जन्मलाही नव्हता. आणि 1660-61 मध्ये इमारत उभी राहिली तेव्हा तो सात-आठ वर्षांचा होता.

यासाठी ना प्रयोगशाळा लागली, ना फारसी. तीन तारखा एका ओळीत लिहिल्या एवढंच. तरीही हे वाक्य एका पुस्तकातून दुसऱ्यात, तिथून वेबसाइटवर आणि तिथून आपल्या सिनॉप्सिसमध्ये येतं. बादशाही खजिन्याच्या पैशाशिवाय असं काम होणं शक्य नाही, म्हणून आज बरेच अभ्यासक ते औरंगजेबाच्या काळातलं, त्याच्याच आश्रयाने झालेलं काम मानतात. मग आझमशाहचं नाव कधी आणि का जोडलं गेलं? हा एक स्वतंत्र प्रश्न झाला. तुमच्यापैकी इतिहासवाल्या कोणाला हवा असेल तर खुशाल घ्या.

नावांच्या बाबतीत मात्र इथे नशीब चांगलं आहे. मुख्य प्रवेशद्वारावरच्या लेखात दोन माणसं येतात : वास्तुकार अताउल्लाह आणि अभियंता हंसपतराय. मुघल इमारतींवर बांधणाऱ्यांची नावं सहसा मिळत नाहीत, म्हणून हा लेख मोलाचा. अताउल्लाह हा उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. ताजमहालाचा मुख्य वास्तुकार म्हणून लाहोरीचंच नाव घेतलं जातं.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक गोष्ट. याच अताउल्लाहने 1634-35 च्या सुमारास भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथाचं फारसीत भाषांतर केलं आणि ते शाहजहानला अर्पण केलं. भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. म्हणजे आपल्या शेजारच्या जिल्ह्याशी नातं असलेलं गणित आग्र्याला जाऊन फारसीत उतरलं, आणि ते उतरवणारा माणूस पुढे दख्खनमध्ये मकबरा बांधायला आला. 'वास्तुकार' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र येतं त्यात बीजगणितही असायला हवं.

दुसरी पायरी : काय आलं आणि काय येऊ शकलं नाही?

प्रयोगात आपण एक घटक बदलतो आणि बाकीचे तसेच ठेवतो. इतिहासात तशी सोय नसते, पण बीबी का मकबरा त्याच्या बराच जवळ जातो. घराणं तेच, वास्तुकाराचं घरही तेच, इमारतीचा प्रकार तोच. बदलली ती जागा. मग कुठलं वैशिष्ट्य प्रवास करू शकलं आणि कुठलं नाही, ते बघता येतं.

*जे आलं :* आराखडा. सुमारे 458 मीटर लांब आणि 275 मीटर रुंद तटबंदीचं आवार, दक्षिणेकडून प्रवेश, पाण्याचे हौद आणि कारंजी, चारबाग, उंच जोतं, जोत्याच्या चार कोपऱ्यांवर चार मिनार, मध्ये घुमट. रचना आणि भूमिती कागदावर किंवा डोक्यात घेऊन येता येते. वजन शून्य.

*जे बदललं :* प्रमाण. इथे मुख्य इमारत ताजपेक्षा अरुंद आहे आणि मिनार तिच्या मानाने जवळ, जड वाटतात. आतली रचनाही वेगळी. ताजमध्ये वरच्या दालनात दिसते ती प्रतीकात्मक कबर, खरी कबर खाली तळघरात. इथे मधली जमीनच मोकळी ठेवली आहे. सज्जात उभं राहून खाली बघायचं, तिथे अष्टकोनी संगमरवरी जाळीच्या आत खरी कबर दिसते. ताजची हुबेहूब प्रतिकृतीच करायची असती, तर हा बदल का केला असता? ज्यांनी मकबऱ्याला 'नकली ताज' म्हणून हातावेगळं केलं, त्यांना हा प्रश्न पडायचाही राहून गेला.

*जे येऊ शकलं नाही :* दगड. आणि इथून पुढे माझा विषय सुरू होतो.

नाशिकपासून संभाजीनगरपर्यंत जमिनीखाली आहे तो बेसाल्ट, आपला काळा पाषाण. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या लाव्हाचे थर. पांडवलेणी त्यातच कोरलेली, काळाराम मंदिर त्याचंच. संगमरवर इथे सापडत नाही. तो बनायला चुनखडीचा दगड जमिनीखालच्या उष्णतेत आणि दाबाखाली रूपांतरित व्हावा लागतो, आणि तो मिळतो राजस्थानात मकराण्याच्या बाजूला. टॅव्हर्निए या फ्रेंच प्रवाशाने सुरतेहून गोवळकोंड्याला जाताना संगमरवराने भरलेल्या सुमारे तीनशे गाड्या पाहिल्याचं लिहिलं आहे. त्यातल्या सर्वांत लहान गाडीला बारा बैल होते. एका गाडीला बारा बैल, म्हणजे दगडाइतकाच खर्च वाटेवरच्या वैरणीचा!

म्हणून मकबऱ्यात संगमरवर जपून वापरलाय. खाली भिंतीच्या कंबरेएवढ्या पट्ट्यापर्यंत संगमरवर, वर घुमट संगमरवराचा. मधला सगळा भाग काळ्या पाषाणाचा, त्यावर चुन्याचा गुळगुळीत घोटलेला गिलावा आणि गिलाव्यातच काढलेली फुलं-वेलबुट्टी. पच्चीकारीला संगमरवराची पाटी लागते. ती नसताना नक्षी गिलाव्यात उतरली, असा माझा अंदाज आहे. 'अंदाज' हा शब्द मुद्दाम वापरते आहे. मधला भाग गिलाव्याचा आहे हे निरीक्षण, दगड लांबून आणावा लागायचा ही माहिती, आणि दोन्ही जोडून काढलेलं कारण हा अंदाज. सिनॉप्सिसमध्ये या तीन गोष्टी एकाच वाक्यात कालवू नका.

खर्चाचा आकडाही मिळतो. गुलाम मुस्तफाच्या 'तारीखनामा'मध्ये 6,68,203 रुपये 7 आणे दिले आहेत. ताजचा खर्च कोटींमध्ये सांगतात. म्हणून नेहमीचा निष्कर्ष असा निघतो की पैसे कमी पडले, म्हणून गिलावा लावून संगमरवराचा आव आणला.

तिसरी पायरी : 'नकली' म्हणजे नेमकं काय?

बारावीचं रसायनशास्त्र आठवा. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ती भट्टीत 900 अंश सेल्सिअसच्या आसपास भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरते कळीचा चुना. त्यावर पाणी ओतलं की तो फसफसतो, गरम होतो, आणि विरलेला चुना तयार होतो. तो घाणीत मळून, भिंतीवर लावून, घोटून ठेवला की हळूहळू हवेतला कार्बन डायऑक्साइड परत शोषून घेतो. शेवटी काय तयार होतं? पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट.

आणि संगमरवर म्हणजे काय? तेच, कॅल्शियम कार्बोनेट.

म्हणजे खालचा संगमरवर आणि वरचा गिलावा हे मुख्य घटकाच्या पातळीवर एकच संयुग आहे. एकाला निसर्गाने जमिनीखाली घडवलं, दुसऱ्याला गवंड्याने भिंतीवर. फरक आहे तो स्फटिकांच्या आकारात आणि सच्छिद्रतेत. संगमरवराचे स्फटिक मोठे, एकमेकांत घट्ट बसलेले. गिलाव्याचे अगदी बारीक, मध्ये पोकळ्या, शिवाय त्यात वाळू, दगडाची भुकटी. परंपरागत चुन्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरडा असं काहीबाही घालायचीही पद्धत होती.

हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरतो. गिलाव्यात पाणी आणि हवेतले आम्लयुक्त वायू जास्त आत शिरतात, म्हणून तो आधी खराब होतो. तो दुरुस्त करताना कोणी 'नाहीतरी नकलीच आहे' म्हणून सिमेंट थापलं तर काय होतं? सिमेंट चुन्यापेक्षा कडक आणि कमी सच्छिद्र. भिंतीतला ओलावा बाहेर पडायचा रस्ता बंद होतो, क्षार आत साठतात, आणि सिमेंटच्या कडेचा जुना चुना सुटायला लागतो. आपल्या गावातल्या जुन्या वाड्यांमध्ये, देवळांमध्ये हे तुम्ही नक्की पाहिलं असेल : सिमेंटचा ठिगळ जागेवर आणि त्याच्या चहूबाजूंनी पापुद्रे.

म्हणजे 'नकली' हा शब्द नुसता टीकेपुरता राहत नाही. इमारतीची किंमत आपण मनात कमी केली की तिच्या दुरुस्तीची पातळीही खाली जाते. गिलाव्याला एक स्वतंत्र, कौशल्याचं तंत्र मानलं तर त्याचा चुना, त्याची कृती, ते करणारे कारागीर यांची नोंद करावीशी वाटते. वैशिष्ट्यांच्या यादीत 'संगमरवर' आहे, 'चुना' नाही. खरं तर दख्खनमधल्या मुघल कामाचं हे मोठं वैशिष्ट्य यादीत यायला हवं.

चौथी पायरी : कुठलं उपकरण कुठल्या प्रश्नाला?

विज्ञानाची मुलं इथे उत्साहाने उपकरणांची नावं घेतात. थांबा, आधी प्रश्न बघा.

- गिलावा आणि संगमरवर वेगळे ओळखायचे आहेत? एक्सआरडी लावलं तर दोन्हीकडे मुख्यतः कॅल्साइटच दिसेल. इथे सूक्ष्मदर्शकाखाली पातळ काप बघणं जास्त उपयोगी, कारण फरक रचनेचा आहे.
- गिलाव्यात जिप्सम आहे का, वाळू कुठली, हे विचारायचंय? आता एक्सआरडी कामाचं.
- चुन्यात गूळ किंवा झाडपाल्याचा अंश होता का? त्यासाठी सेंद्रिय रसायनांचं विश्लेषण.
- बांधकाम 1651 चं की 1660 चं? चुना घट्ट होताना हवेतला कार्बन घेतो, म्हणून त्याचं कार्बन-14 ने वय काढता येतं, हे तत्त्वतः बरोबर आहे. पण साधारण 1650 ते 1950 या काळात कार्बन-14 चा तुलनात्मक आलेख इतका सपाट आणि नागमोडी आहे की उत्तर दोन-तीन शतकांच्या पट्ट्यात येतं. नऊ वर्षांचा फरक ते सांगूच शकत नाही. इथे दारावरचा लेख आणि मृत्यूची तारीख हीच भारी साधनं.

लाखो रुपयांच्या यंत्रापेक्षा एक शिलालेख जास्त अचूक असू शकतो. हे मान्य करणं विज्ञानवाल्यांना जरा जड जातं, पण मुलाखतीत हा मुद्दा नीट सांगता आला तर समोरच्यांना कळतं की तुम्ही पद्धतीचा विचार केलाय.

आणि एक सूचना : स्मारकावर आम्लाचा थेंब टाकून बघणं, नखाने गिलावा खरवडणं, असले प्रकार चुकूनही करू नका. मकबरा केंद्र संरक्षित स्मारक आहे. नमुना हवा असेल तर पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी लागते आणि त्याला वेळ लागतो. तो वेळ तुमच्या वेळापत्रकात धरा.

पाचवी पायरी : उलट तपासणी

वैशिष्ट्य दिसलं म्हणजे इमारत मुघल, असं म्हणता येईल का? तीन ठिकाणी जाऊन बघा.

पहिलं, देवगिरीचा चांदमिनार. मिनार आहे म्हणून अनेक जण त्याला मुघल म्हणून मोकळे होतात. तो बहमनी काळातला, पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. तेव्हा बाबर जन्मलाही नव्हता. तसंच अहिल्यानगरचा फराहबाग निजामशाहीचा आणि विजापूरचा गोल घुमट आदिलशाहीचा. दख्खनची स्वतःची परंपरा मुघल येण्याआधीपासून भक्कम होती.

दुसरं, खुलताबाद. औरंगजेब 1707 मध्ये वारला. त्याची कबर उघड्यावर, साधी. घुमट नाही, मिनार नाही, चारबाग नाही. पन्नास वर्षांपूर्वी ज्याच्या पत्नीसाठी एवढा मकबरा उभा राहिला, त्या बादशहाच्या मूळ कबरीत यादीतलं एकही वैशिष्ट्य नव्हतं. मग ती मुघल वास्तू की नाही?

तिसरं, आपलं नाशिक. मुघलांच्या ताब्यात असताना शहराचं नाव गुलशनाबाद होतं. पण पाकळीदार कमान इथे शोधायची तर मुघल इमारत शोधायची गरज नाही. पेशवेकालीन वाड्यांत जा : लाकडी सुरूदार खांब, त्यांच्यामध्ये महिरपी. 1756 च्या सुमारास बांधलेल्या सुंदरनारायण मंदिरातही पाकळीदार कमानी दिसतात. 'महिरप' हा शब्द मुळात मशिदीतल्या मेहराबचा. आज तो आपल्या गौरी-गणपतीच्या सजावटीत इतका मुरलाय की कोणाला परका वाटत नाही. आकार राज्यकर्त्याबरोबर येतो, पण त्याच्याबरोबर परत जात नाही. तो सुतार-गवंड्यांच्या हातात राहतो आणि पुढचा मालक सांगेल तिथे बसतो.

म्हणून 'कमान दिसली, सबब मुघल प्रभाव' हे वाक्य सिनॉप्सिसमध्ये लिहू नका. कुठली कमान, कुठल्या काळातली, कोणत्या साहित्यात, कोणी घडवली, हे लिहा.

तर प्रश्न कसे दिसतात?

आता तीच यादी प्रश्नांच्या रूपात :

1. बीबी का मकबऱ्याच्या गिलाव्याची रचना आणि त्याच काळातल्या संभाजीनगरमधल्या इतर बांधकामांच्या गिलाव्याची रचना सारखी आहे का?
2. नाशिकच्या वाड्यांमधल्या लाकडी महिरपींच्या पाकळ्यांची संख्या आणि प्रमाणं काळानुसार बदलतात का?
3. बांधकामाचं श्रेय आझमशाहला देणारा सर्वांत जुना लिखित उल्लेख कोणता?
4. काळ्या पाषाणावर चुना आणि सिमेंट यांच्या दुरुस्त्या पावसाळ्यात कशा टिकतात?

यातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर 'हो', 'नाही' किंवा एक आकडा, एक तारीख असं येऊ शकतं, आणि ते चूक ठरू शकतं. चूक ठरण्याची शक्यता नसलेला प्रश्न संशोधनाला घेऊ नये.

मकबऱ्याला जाणार असाल तर सकाळी लवकर जा, ऊन तिरकं असताना गिलाव्यावरचं काम नीट दिसतं. वही, टेप आणि फोनचा कॅमेरा पुरे. खाली संगमरवर कुठे संपतो आणि चुना कुठे सुरू होतो ती रेघ आधी शोधा. सापडली की तिथेच उभे राहून दहा प्रश्न लिहा. त्यातले आठ निरुपयोगी निघतील. उरलेले दोन घेऊन गाइडकडे जा.